अंगणातली मायसीनी : किल्ल्याच्या कामाच्या नोंदी

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली, आज मखर उतरवलं. आमच्या घरी गणपती गेले की दिवाळीच्या किल्ल्याचं बोलणं निघतं. रायगड, सिंधुदुर्ग आणि दोनदा राजगड करून झालाय. यंदा मी भाच्यांपुढे ग्रीसमधला प्राचीन गड ठेवला, मायसीनी. ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या ईशान्येला, आर्गोसच्या मैदानाच्या कडेला, दोन डोंगरांच्या बेचक्यात, समुद्रसपाटीपासून २७८ मीटर उंचीवर एक टेकडी आहे. इ.स.पू. १३५० च्या सुमाराला तिला पहिली तटबंदी झाली. शाळेत तीस वर्षं मी हे फळ्यावर काढून शिकवलं, हातानं बांधून कधी पाहिलं नव्हतं.

प्रमाण १:१०० ठरवलं. एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, त्यामुळे धाकट्या भाचीलाही पट्टी लावून ताळा करता येतो. मूळ तट सुमारे ९०० मीटर लांब, म्हणजे आपला ९ मीटर. जाडी साधारण साडेपाच ते साडेसात मीटर आहे, आपण सरसकट ६ सेंटिमीटर धरली. आज तो जास्तीत जास्त सव्वाआठ मीटर उभा आहे, मूळची उंची १२ मीटरच्या आसपास मानतात. म्हणून १२ सेंटिमीटर.

१३ सप्टेंबर, शनिवार

अंगणाच्या उताराच्या बाजूला एक टेम्पो लाल माती ओतून घेतली. ९०० रुपये. चढउतार सूत बांधून काढले. दक्षिणेला खाव्होस नावाची खोल घळ आहे, तिथं जमीन सरळ तुटायला हवी. तिथं जांभ्याचे अर्धे चिरे उभे लावून वर माती थापली.

नकाशा ट्रेसिंग कागदावर काढून मातीवर ठेवला आणि सुईनं टोचे मारत तटाची रेघ उतरवली. सहा तास गेले.

१४ सप्टेंबर, रविवार

कालचे सहा तास वाया गेले, आजचा दिवसही त्यातच गेला.

गडाच्या मुख्य दाराकडे, म्हणजे सिंहद्वाराकडे, जाताना दोन्ही बाजूंना भिंती आणि मध्ये अरुंद बोळ आहे. आत शिरणाऱ्याच्या उजव्या हाताला मुद्दाम बांधलेला बुरूज आहे. कारण सैनिक ढाल डाव्या हातात धरतो, त्याची उजवी बाजू उघडी राहते आणि तीच बुरुजावरच्यांसमोर येते. हे सांगताना मी भाच्याच्या डाव्या हातात ताट दिलं आणि आखलेल्या रेघांवरून दाराकडे चालत जायला लावलं. दाराशी पोचल्यावर तो म्हणाला, "आत्या, बुरूज तर ताटाच्या बाजूलाच आहे."

त्याचं बरोबर होतं. ट्रेसिंग कागद मी उलटा ठेवला होता, त्यामुळे अख्खी मायसीनी आरशातल्यासारखी उलट उतरली होती. महाराजांच्या किल्ल्यांचे गोमुखी दरवाजे या मुलांनी पायांनी चालून पाहिलेत, म्हणून दाराजवळ शत्रूचं काय होतं हे त्याला सांगावं लागलं नाही. मी मात्र नकाशा पाहत होते, दार पाहत नव्हते.

कोणी हे करणार असेल तर कागदाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात "वर" लिहून ठेवा. घळ उतारावर आल्यामुळे ती बाजूही बदलावी लागली. जांभ्याचे चिरे उपटून पुन्हा लावले.

२० सप्टेंबर, शनिवार

आज भिंतीचा नमुना. खडी काळी, म्हणून घ्यायची नव्हती. मायसीनीचा तट चुनखडीच्या फिकट, ओबडधोबड धोंड्यांचा आहे. मोझेकच्या लादीत घालतात त्या संगमरवरी चिपांची तीन पोती आणली, पोत्याला ४२० रुपये. चाळणीनं दोन वाटे केले : दीड-दोन सेंटिमीटरचे तोंडाला, बारीक तुकडे सांधे भरायला.

पहिला अर्धा मीटर मी मातीच्या गाऱ्यात चिपा दाबत चढवला. आठव्या थराला पोट सुटलं आणि भिंत बाहेर आली. शेजारचे गवंडीकाका कुंपणावरून बघत होते. आयुष्यभर त्यांनी गडगे रचलेत. ते आत आले, भिंत मोडली आणि पुन्हा रचली. दोन्ही तोंडांना मोठे दगड, पोटात भर. दर तीन-चार दगडांमागे एक लांबट दगड आत खोल घालायचा, म्हणजे तोंड पोटाला धरून राहतं. दगड आधी बसवायचा, हलतो का बघायचं, मग फटीत चिप मारायची. गारा दगडाला धरून ठेवत नाही, दगडच दगडाला धरतो, असं ते म्हणाले.

मायसीनीच्या तटाची रचना हीच आहे : बाहेरून-आतून न घडवलेले अवजड धोंडे, मध्ये लहान दगड आणि माती, फटींत चिपा. पुढच्या काळातल्या ग्रीकांना हे धोंडे माणसांनी उचलले असतील हे पटेना, म्हणून त्यांनी ते काम एकडोळ्या सायक्लॉप्स राक्षसांच्या नावावर केलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथं गेलेल्या पॉसेनियस या ग्रीक प्रवासी लेखकानंही तेच नोंदवलंय.

काकांच्या हाताला तासाला पाऊण मीटर होतो, आम्हाला जेमतेम पाव.

२८ सप्टेंबर, रविवार

आठ दिवस रोज संध्याकाळी खपून नऊ मीटरचा वेढा पूर्ण केला होता. आज त्यातला दोन मीटर उतरवला. ही या कामातली सगळ्यात मोठी चूक, म्हणून नीट लिहिते.

सिंहद्वारातून आत गेल्यावर उजव्या हाताला राजघराण्याच्या कबरींचं वर्तुळ आहे, साडेसत्तावीस मीटर व्यासाचं. त्यात खडकात खोदलेल्या सहा खोल कबरी आहेत. आम्ही तट पूर्ण केला आणि मग भाचा पळी घेऊन आत कबरी खोदायला बसला. तिसरी कबर चार सेंटिमीटर खाली गेली तेव्हा शेजारचा तट हळूच बाहेर झुकला. ताज्या भिंतीच्या पायालगतच आम्ही खड्डे करत होतो. शिवाय जागा उतारावर असल्यामुळे वर्तुळ ठेवलं तर ते तिरकं दिसत होतं, एका बाजूला चार सेंटिमीटरचा फरक.

मग रात्री पुन्हा सगळं वाचलं. शिकवताना मी सनावळी सांगत होते, पण तिचा अर्थ हाताला कळला नव्हता. कबरी इ.स.पू. सोळाव्या शतकातल्या. पहिला तट इ.स.पू. १३५० च्या सुमाराचा, आणि तो वरच्या भागापुरता होता. कबरी त्याच्या बाहेर, उतारावर राहिल्या होत्या. शंभरेक वर्षांनी, १२५० च्या आसपास, तट पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे पुढे सरकवला, कबरींना वळसा घालून त्यांना आत घेतलं, आणि त्याच वेळी सिंहद्वार उभं केलं. मग उतारावर भर घालून जमीन सपाट केली, भोवती उभ्या शिळांचं दुहेरी कडं केलं, त्यावर आडव्या शिळा टाकल्या आणि कबरींवरचे जुने कोरीव दगड या नव्या पातळीवर पुन्हा रोवले. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या मृतांना गडाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असं मानानं बसवलं. तट तिथं फुगून बाहेर येतो तो याच कारणानं. मी इतकी वर्षं तो फुगवटा नुसता नकाशातली रेघ म्हणून काढत होते.

आता क्रम असा लावला : आधी वरचा जुना तट, मग बाहेर उतारावर कबरी, मग खालच्या पातळीवरून नवा तट, मग दोहोंमध्ये भर आणि शेवटी वर्तुळ. भर एकदम ओतली तर भिंत ढकलली जाते, म्हणून दोन-दोन सेंटिमीटरचे थर ठोकून घातले. वर्तुळ पहिल्या खेपेला सपाट बसलं.

कबरींत १९ माणसं होती, त्यात दोन लहान मुलं. मुलांसाठी तांदळाचे दोन दाणे, मोठ्यांसाठी सतरा गहू. सोनं सुमारे १४ किलो निघालं होतं. आमच्या प्रमाणात वजन दशलक्षांश होतं, म्हणजे १४ मिलिग्रॅम. आईच्या जुन्या शालूच्या जरीचा एक बारीक तुकडा धाकटीनं पाचव्या कबरीत ठेवला.

२ ऑक्टोबर, दसरा

सिंहद्वार. उंबरा, दोन बाजूंचे खांब आणि वरची तुळई असे चार प्रचंड दगड. उंची ३.१ मीटर, तुळई साडेचार मीटर लांब, दोन मीटर खोल, मध्यावर ८० सेंटिमीटर जाड. ती आधी प्लास्टरची ओतली. वर भिंतीचे तीन थर चढवले आणि ती मधोमध तडकली. दुसरी ओतली, तीही तडकली. दोन संध्याकाळी गेल्या.

मग फरशीवाल्याकडून कडप्पा कापून आणला, १५० रुपये. घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर १९ ग्रॅम भरला. मूळ तुळईचं वजन २० टनांच्या आसपास धरतात आणि दशलक्षांश म्हणजे २० ग्रॅम. मुलांनी काटा तीनदा शून्यावर आणून पाहिला.

पण दगड बदलणं हा अर्धाच इलाज. मायसीनीच्या गवंड्यांनी तुळईवर भिंत चढवलीच नाही. दोन्ही बाजूंचे थर थोडेथोडे पुढे काढत वर आणले, मध्ये त्रिकोणी पोकळी सोडली आणि भार खांबांवर नेला. त्या पोकळीत पातळ शिळा बसवली, तीच सिंहांची. आम्हीही तसंच रचलं आणि खाली मुद्दाम तिसरी प्लास्टरची तुळई ठेवून पाहिली. ती टिकली. पक्क्या कामाला मात्र कडप्पाच ठेवला.

सिंह गणपतीच्या उरलेल्या शाडूचे केले, तीन सेंटिमीटर उंच. मध्ये खांब, पुढचे पाय वेदीवर. डोकी आज नाहीत, ती वेगळी करून बसवलेली होती, त्याची भोकं दगडात दिसतात. भाच्याला डोकी करायची होती. मी सुईनं फक्त भोकं पाडली. जे कोणी पाहिलेलं नाही ते आपल्या मनानं त्या दारावर बसवायला माझं मन होत नाही.

उंबरा बसवण्याआधी त्याखाली फुटक्या कपाचं एक निळं खापर ठेवलंय. का, ते उकरताना कळेल.

५ ऑक्टोबर, रविवार

ईशान्य टोकाचं पाण्याचं भुयार. तट तिसऱ्यांदा वाढवला तो इ.स.पू. १२०० च्या सुमाराला, याच पाण्यासाठी. बाहेरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांनी जमिनीखालच्या टाकीत आणलं होतं आणि तटाच्या आतून ९९ पायऱ्यांनी, वळणं घेत सुमारे १८ मीटर खाली उतरता येत होतं. त्याच सुमाराला जवळच्या टिरिन्सच्या गडावर आणि अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरही गडाच्या आतून पाण्यापर्यंत वाट केलेली आहे. या लोकांना वेढ्याची धास्ती होती, एवढं तरी यातून वाचता येतं.

आमचं १८ सेंटिमीटरचं भुयार दोनदा ढासळलं. शेवटी मंगलोरी कौलाचे तुकडे दोन्ही बाजूंनी तिरके टेकवून माथ्याशी जुळवले. मूळ भुयाराचं छतही असंच, दगड पुढे काढत टोकाला मिळवलेलं आहे. पायऱ्या चौदाच झाल्या, तिथं मी हट्ट सोडला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

परतीचा पाऊस, रात्रभर. सकाळी वायव्येचा एक मीटर तट आडवा. प्लास्टिक वर होतं, पण पाणी वरून आलं नाही, आतल्या भरीतून आलं. भिंतीच्या पोटात साठून तिनं तोंड ढकललं. मूळ तटात पाणी जायला मोऱ्या ठेवलेल्या होत्या. आम्ही त्या शोभेच्या समजून गाळल्या. आता दर मीटरला एक, शीतपेयाच्या नळीचा तुकडा घालून. दुपारच्या सरीत पाणी नळ्यांतून बाहेर आलं.

पाच तास दुरुस्ती. गवंडीकाका पैसे घेईनात, फराळाला यायचं कबूल केलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

किल्ला उभा आहे. माथ्यावर शाडूचा राजवाडा, मधल्या दालनात चार खांब आणि गोल चूल. उतारावर मोहरी उगवलीय. उत्तरेचं लहान दार, दाराजवळचं कोठार, तटाबाहेरची चार घरं. संध्याकाळी सिंहद्वारात पणती ठेवली. वाडीतले सगळे येऊन गेले. बहुतेकांनी विचारलं, की महाराज कुठे बसवायचे. धाकटीनं प्रत्येकाला कबरींच्या वर्तुळापाशी नेऊन आधी बाहेर आणि मग आत कसं झालं ते सांगितलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सणात किल्ला मोडायचा नाही असं दादानं बजावलं होतं, म्हणून भाऊबीज होईपर्यंत थांबलो.

पडझड एका दिवसाची नव्हती, तीही क्रमानं केली. आधी तटाबाहेरची घरं जळाली, इ.स.पू. १२५० च्या सुमाराला. शाडूच्या पाच इवल्या पाट्या करून, न भाजता, दोन घरांत ठेवल्या होत्या. एकावर वाळलेली सोडणं पेटवली आणि तीन तास धग राखली, दुसरं तसंच ठेवलं. मग १२०० च्या आसपासचा गडावरचा विध्वंस : माथ्यावर राख आणि जळकी माती. कारण भूकंप, हल्ला की आतलं बंड, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणून मुलांनाही एकच कारण सांगितलं नाही. त्यानंतर माणसं राहिलीच, पण राजवाड्याचा कारभार आणि लेखन गेलं. त्या राखेवर साध्या मातीचा पातळ थर.

याच लहानशा मायसीनीनं इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांविरुद्धच्या युद्धात थर्मोपिलीच्या लढाईला ८० माणसं धाडली. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या लढाईलाही गेली. शेजारचं बलाढ्य आर्गोस त्या युद्धात उतरलं नव्हतं. ४६८ मध्ये आर्गोसनं मायसीनी जिंकली, लोकांना हाकललं आणि तट ठिकठिकाणी पाडला. हे ८० जण मला कायम आठवतात. आज तट पाडताना भाच्याला पाडायच्या जागा नेमून दिल्या, सगळा पाडू दिला नाही, कारण त्यांनीही सगळा पाडला नव्हता. इ.स.पू. तिसऱ्या शतकात आर्गोसनंच तिथं पुन्हा गाव वसवलं, खिंडारं बहुकोनी घडीव दगडांनी बुजवली. त्यासाठी शाडूचा पांढरा थर आणि टाइलचे तुकडे. सगळ्यावर चाळलेली माती, चार बोटं. मोहरी परत पेरली.

१ नोव्हेंबर, शनिवार

उत्खनन. पहिला चर भाच्याला हवा तसा घेऊ दिला. पॉसेनियसनं कबरी तटाच्या आत असल्याचं लिहिलंय, त्यावर विसंबून जर्मन उत्खनक हाइनरिख श्लीमाननं १८७६ च्या ऑगस्टमध्ये सिंहद्वाराच्या आत खोदलं होतं. भाचाही थेट तिथंच खुरपं घेऊन बसला. वीस मिनिटांत वर्तुळ लागलं, चाळीस मिनिटांत जरीचा तुकडा हातात. आरडाओरडा झाला.

मग मी घमेल्यातल्या मातीकडे बोट दाखवलं. राख, शाडू आणि टाइलचे तुकडे एकत्र कालवले गेले होते. विचारलं, शाडूचा थर राखेच्या वर होता की खाली? सांगता येईना. श्लीमानवर देखरेखीला असलेले ग्रीक पुरातत्त्वज्ञ पानायोतिस स्टामाटाकिस हेच कळवळून कळवत होते, की वरचे ग्रीक काळाचे अवशेष हा माणूस उद्ध्वस्त करतोय. पाच कबरी श्लीमानला मिळाल्या, सहावी त्याच्या मागून स्टामाटाकिसनी काढली. वर्तुळाच्या शिळा श्लीमानला सभाचौकातली आसनं वाटल्या. पाचव्या कबरीतल्या सोन्याच्या मुखवट्याला ट्रॉयवर चालून गेलेल्या, कथांमधल्या मायसीनीच्या राजाचं म्हणजे अ‍ॅगमेम्नॉनचं नाव चिकटलं, पण तो ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळाहून तीनेकशे वर्षं जुना आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

दुसरा चर, घळीच्या बाजूला, चौकोनी, ४० बाय ४० सेंटिमीटर. खुरपं काढून घेतलं. सुरी, रंगाचा ब्रश, प्रत्येक थराला वेगळी वाटी. रंग बदलला की थांबायचं आणि लिहायचं. एक कड उभी ठेवली, तिच्यात थर केकसारखे दिसतात. साडेचार तास लागले, कालच्या चराच्या सहापटीहून जास्त. पण यावेळी मुलांनी पाचही थर क्रमानं सांगितले.

जळालेल्या घरातल्या तीन पाट्यांपैकी दोन कडक मिळाल्या, अक्षरांच्या रेघांसकट. न जळालेल्या घरातल्या दोन्ही मातीत विरून गेल्या, हाताला चिखल. मायसीनीत १९५० च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ॲलन वेसना तटाबाहेरच्या घरांत लिनिअर बी या मायसीनी काळच्या लिपीतल्या पाट्या मिळाल्या त्या अशाच, घर जाळणाऱ्या आगीनं भाजून पक्क्या केलेल्या. १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिसनं ही लिपी वाचली, भाषा ग्रीकच निघाली. मी हे शिकवलं होतं. हातात कडक पाटी आल्यावर मी थोडा वेळ बोलले नाही.

संध्याकाळी उंबरा उचलला. निळं खापर तिथंच होतं. उंबऱ्याखाली जे आहे ते उंबऱ्याच्या आधीचं. अत्रेयसचं कोषागार म्हणतात त्या मायसीनीतल्या घुमटाकार कबरीचा काळ ठरवताना वेसनं त्याच्या उंबऱ्याखालच्या खापरांचाच आधार घेतला होता. भाच्यानं खापर पुसलं, पाकिटात घातलं आणि वर लिहिलं : सिंहद्वार, उंबऱ्याखाली, २ नोव्हेंबर.

८ नोव्हेंबर, शनिवार

हिशेब : माती ९००, चिपा १२६०, कडप्पा १५०, प्लास्टर, नळ्या, सूत मिळून ३१०. एकूण २६२० रुपये. सुमारे ११५ तास, त्यातले निदान ३० चुकांत.

घळीवरचा अर्धा मीटर तट परवा आपोआप खाली घसरला. खऱ्या मायसीनीचाही त्याच बाजूचा तुकडा खाव्होसमध्ये गेलेला आहे, म्हणून तो उचलला नाही. चिपांचं पाऊण पोतं आणि आठ कौलं उरलीत. ट्रेसिंगवरचा नकाशाही आहे, त्यावर आता "वर" लिहिलंय. कोणाला हवं असेल तर घेऊन जावं.